ही माझी नाही

"ताई, तुमी बाळाकडं बघताय ती रीत बरी न्हाई."

शेवंताक्का माझ्या पाठीला तेल चोळता चोळता म्हणाली. बाळंतपणाचा नववा दिवस. मी इचलकरंजीला माहेरी आले होते. न्हाणीघरात पाटावर बसले होते आणि दाराबाहेर चटईवर, नुकतीच अंघोळ झालेली माझी मुलगी दुपट्यात गुंडाळलेली होती.

"कशी बघते मी?"

"आई लेकराकडं बघती तशी न्हाई. गिऱ्हाईक पातळाकडं बघतंय तशी. कुठं दोरा सुटलाय का, कुठं डाग हाय का."

मी हसले. "पहिलंच आहे हो अक्का. दुसऱ्या खेपेला नाही बघणार."

"हसण्यावारी नेऊ नका. झोप लागती का?"

"लागते की."

खोटं होतं ते. तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. आणि नवल म्हणजे थकवा अजिबात नव्हता. उलट सगळं फार लख्ख दिसत होतं. भिंतीवरचा पोपडा, आईच्या कपाळावरची शीर, सगळं काहीतरी सांगत असल्यासारखं.

"चाळीस वरसं बाळंतिणी न्हाऊ घालतीया मी," अक्का म्हणाली. "अशा न झोपणाऱ्या दोन बघितल्या. आईला सांगा तुमच्या. का मी सांगू?"

"काही सांगू नका. तिला उगाच घोर."

मी संख्याशास्त्रात एम. एस्सी. केलेली. मला वाटलं, बाई दृष्ट-बिष्ट म्हणतेय. बाळाकडे नीट बघणं हा काही रोग नव्हे. मी पाठ पुढे केली आणि विषय बदलला.

अक्काने आईला सांगितलं की नाही, मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आईचं वागणं बदललं, आणि ते मी ताबडतोब हेरलं.

आधी विळी गेली. स्वयंपाकघरात ओट्याखाली असायची, ती दिसेना.

"आई, विळी कुठाय?"

"धार लावायला दिलीय."

"कुणाला?"

"आहे एक जण."

तेव्हापासून भाजी शेजारच्या कुंभोजे काकूंकडून चिरून यायला लागली. काकू ताट देताना म्हणायच्या, "शकूताई, आता भेंडीपण जड होते का तुम्हाला?" आई हसायची, पण डोळे माझ्याकडे असायचे.

मग न्हाणीघराची आतली कडी निघाली. "गंजली होती," आई म्हणाली. कडी मी पाहिली होती. गंजली नव्हती. आई झोपायची ती माझ्या खोलीच्या उंबऱ्याला आडवी. फोन आला की परसात जायची आणि तोंडावर पदर धरून बोलायची. मी खिडकीपाशी गेले की म्हणायची, "ठेवते ताई, नंतर बोलू."

ताई म्हणजे जयसिंगपूरची लीलामावशी. आईची थोरली बहीण. तिला मूलबाळ नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी साडेपाच वर्षांची होईपर्यंत लीलामावशीकडेच वाढले. आई आजारी असायची, एवढंच मला सांगितलं होतं. ती दर रविवारी यायची आणि माझ्यापासून चार हात लांब बसायची. पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून जमिनीवरून माझ्याकडे सरकवायची. हातात द्यायची नाही. ती उठली की मी तिच्या चपलांवर बसून राहायचे, म्हणजे तिला जाता येणार नाही. मावशी मला उचलून बाजूला करायची. त्या वयापासून मला माणसांवर लक्ष ठेवायची सवय आहे. कोण उठतंय, कोण चपला शोधतंय, हे मला पाठ फिरवूनही कळतं.

तर मी हिशेब मांडला. एका बाईने एकदा पोर बहिणीला दिलं. बहिणीला मूल नाही. आता घरात नवं पोर आहे आणि दोघी चोरून बोलतायत. जिने आपलं दिलं, तिला दुसऱ्याचं द्यायला काय लागतं?

बाराव्या दिवशी बारसं होतं. पुण्याहून प्रसन्न, म्हणजे माझा नवरा, आणि त्याची बहीण शर्वरी आली. मावशी सकाळच्या गाडीनेच आली, खांद्याला मोठी लाल पिशवी.

"एका दिवसाला एवढी पिशवी?" मी विचारलं.

"अगं, येताना रिकामी असते, जाताना तुझी आई भरून देते," मावशी म्हणाली.

मी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली.

पाळणा माजघरात टांगला होता. आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला घालतात. धुतलेल्या वरवंट्याला कुंची चढवायची, काजळ-कुंकू लावायचं, पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायकांनी उभं राहायचं, आणि कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत तो पाळण्याखालून द्यायचा, वरून घ्यायचा. मग तसंच बाळ. हे मी लहानपणापासून पन्नास बारशांत पाहिलं होतं.

एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मावशी. हिरव्या कुंचीतला वरवंटा इकडून तिकडे गेला.

"बाळापेक्षा हाच गुटगुटीत दिसतोय की," कुंभोजे काकू म्हणाल्या.

"आणि रडत पण नाही," शर्वरी म्हणाली. "वहिनी, हाच ठेवा."

सगळ्या हसल्या. मी मोजत होते. खालून एकदा, वरून एकदा. मग मावशीने वरवंट्याची कुंची काढली, पाटावर बसलेल्या माझ्या मांडीवरून बाळ उचललं आणि म्हणाली, "हिला कुंची घालून आणते, ओली केलीन बघ दुपटी." आणि ती आतल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं.

दार किती वेळ लोटलेलं होतं ते मी नंतर अनेकांना सांगितलं. तेव्हा ते मला फार वाटलं. दोन मिनिटं असतील.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हिरव्या कुंचीतलं बाळ होतं. ते खालून गेलं, वरून आलं, आणि रडलं नाही. माझी मुलगी इतक्या हातांत गेल्यावर रडली असती. शर्वरीने कानात नाव सांगितलं, मिहिका, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. "अगं हळू, ऑफिस आहे मला उद्या," शर्वरी ओरडत होती. त्या गोंधळात मी पाळण्यात वाकून पाहिलं.

ही ती नव्हती.

कसं कळलं, ते मी आजही सांगू शकत नाही. नाक तेच, जावळ तेच. डाव्या कानामागे तीळ होता, तोही होता. म्हणजे यांनी तीळसुद्धा लावला होता. मी बोटाला तेल घेऊन तो पुसून पाहिला. पुसला गेला नाही. कातडी लाल झाली आणि मग ते बाळ रडलं.

"काय करतेस?" आई माझ्यामागेच उभी होती.

"काही नाही. काजळ लागलं होतं."

आईने माझ्या बोटाकडे पाहिलं. बोटाला काजळ नव्हतं.

संध्याकाळी प्रसन्न निघाला तेव्हा मी त्याला दारापाशी गाठलं. "एक सांगायचंय. ही आपली नाही."

"आपली नाही तर कुणाची? घरमालकाची?" तो बॅग उचलत हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याने बॅग खाली ठेवली. "काय झालंय?"

मी काही बोलणार तोच आई आली. "दमलीय ती, प्रसन्नराव. दोन दिवस नीट विश्रांती मिळाली की होईल ठीक. मी आहे ना."

त्याने तिच्यावर विश्वास ठेवला आणि गाडी गाठली. आई त्याला सामील करून घेत होती, की त्याच्यापासून काही लपवत होती? मला दोन्ही एकदमच दिसत होतं.

मावशी मुक्कामाला राहिली. पुढचे दोन दिवस मी त्या बाळाला वेळेवर पाजलं, लंगोट बदलले. दुसऱ्याचं असलं तरी हयगय करायची नाही, असं मनाशी ठरवलं होतं. हात माझेच वाटत नव्हते. बांगड्यांवरून ओळखायचे.

शुक्रवारी मावशी निघाली. दुपारचे बारा. लाल पिशवी भरलेली होती.

"काय आहे त्यात?"

"डिंकाचे लाडू, तुझ्या आईच्या जुन्या साड्या. बघायचंय?" तिने चेन थोडी उघडली. वर साडी दिसली. साडीखाली काय आहे, ते तिने दाखवलं नाही.

शुक्रवारी आमच्या भागात वीज नसते, त्यामुळे गल्लीतले यंत्रमाग बंद असतात. एरवी दिवसभर खटक खटक चालू असतं, इतकं की ऐकू येत नाही. त्या दिवशी ते थांबलेलं होतं. आणि त्या शांततेत मला माझ्या मुलीचं रडणं ऐकू आलं. इथे मांडीवरची झोपलेली होती. रडणं जयसिंगपूरहून येत होतं.

आई गच्चीत लंगोट वाळत घालायला गेली. मी कानाला रुमाल बांधला, बाळ दुपट्यात घेतलं आणि बाहेर पडले. कुणी पाहिलं नाही. स्टँडवर गाडी लागलेलीच होती, हीही मला खूणच वाटली.

शेजारी एक बाई होती, मांडीवर कोथिंबिरीची गाठोडी. "एवढं कोवळं बाळ घेऊन कुठं वो, भर उन्हात?"

"पोचवायला चाललेय. ज्यांचं त्यांना."

"का, पार्सल हाय व्हय?" ती हसली. "सासरी निघालाय जणू."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. खिडकीच्या काचेत बाळ मांडीवर घेतलेली एक बाळंतीण दिसत होती. डोळे खोल गेलेले. तिची मला दया आली. तिच्याबरोबर कुणीतरी यायला हवं होतं, असं मला वाटलं.

मावशीच्या दाराला कुलूप होतं. ती वाटेत शिरोळला नणंदेकडे उतरली होती, हे नंतर कळलं. तेव्हा मला कळलं ते इतकंच, की ती आत आहे आणि कुलूप बाहेरून लावून घेतलंय. आतून रडण्याचा आवाज येत होता. मी हातातलं बाळ ओट्यावर ठेवलं आणि घराच्या मागे गेले. मागची खिडकी बंद. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. काचेवर हात मारले.

एप्रिल महिना, दुपारचे अडीच. ओट्याला शहाबादी फरशी. उन्हात ती किती तापते हे मला माहीत होतं. माहीत होतं, एवढंच. ते त्या बाळाशी जोडलंच जात नव्हतं. बाळ रडत होतं आणि मला राग येत होता की याच्या रडण्यामुळे आतलं ऐकू येत नाही.

रिक्षा थांबली. आई उतरली. पायात चपला नव्हत्या.

"हात लावू नकोस तिला," मी म्हणाले. "दार उघड. माझी आत आहे."

आई थांबली. तिने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. मी तिच्या आणि बाळाच्या मध्ये होते. तिने हात लावला असता तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. तिला बहुधा ते दिसलं. ती कडेकडेने ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, दोन्ही हातांनी पदर पसरला आणि बाळावर सावली धरली. बोटसुद्धा लावलं नाही.

"तुला कसं कळलं मी इथे आहे?" मी विचारलं. "मावशीने फोन केला ना? दोघींचं ठरलेलंच आहे."

"फोन नाही आला."

"मग?"

"मी पण इथेच आले होते," आई म्हणाली. पदराची सावली हलली नाही. "तू महिन्याची होतीस. ह्याच ओट्यावर तुला ठेवलं आणि ताईला म्हणाले, ही माझी नाही. माझी बदलली. हिचं काय करायचं ते तू कर."

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"माझा अंगठा तुझ्या गळ्यापर्यंत गेला होता गं. खरी की खोटी ते बघायला. मग भीती वाटली नि तुला घेऊन इकडे पळाले."

"म्हणून विळी."

"म्हणून विळी. कडी. सगळं. झोपले नाही मी पाच दिवस, तुझ्यासारखीच. ताईला रोज विचारत होते, काय करू. ती म्हणत होती डॉक्टरकडे ने. मी म्हटलं, सासरी कळेल. पोरीला वेडी म्हणतील. आपोआप ओसरेल. माझं ओसरलं होतं."

"किती दिवसांनी?"

"वर्षाने."

"मी साडेपाच वर्षं इथे होते."

आईने बाळाकडे पाहिलं. बाळ आता रडता रडता उचकी देत होतं.

"वर्षाने कळलं तू माझीच," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्या हातांची खात्री कुठे होती?"

"तुला तुझी परत मिळाली," मी म्हणाले. "मला माझी हवी. दार उघड."

"बरं. ही तुझी नाही."

मला वाटलं होतं ती वाद घालेल. तिने घातला नाही.

"ताई आली की आत बघू. सगळ्या खोल्या बघू. पण हिला भूक लागलीय. कुणाची का असेना. कुणा बाईची आहे, ती बाई कुठेतरी हिच्यासाठी रडत असेल. तोवर पाज तिला. माझ्याकडे दूध नाही, तुझ्याकडे आहे."

यात मला कुठे कट सापडला नाही. मी पुष्कळ शोधला. मग मी ओट्यावर बसले आणि ते परकं पोर उचललं. दुपटं पाठीशी गरम झालं होतं. आई पदर तसाच धरून उभी राहिली, आणि मी कुणा अनोळखी बाईच्या मुलीला, त्या बाईवर उपकार म्हणून, पाजलं.

रिक्षावाला अजून थांबलेला होता. "बाई, वेटिंग हाय हं," तो म्हणाला.

"थांब बाबा," आई म्हणाली. "इथनं मिरजेला जायचंय. डॉक्टरकडे."

मी तिच्याबरोबर गेले, कारण बाळ तपासून घ्यायचं आहे असं ती म्हणाली. बाळही तपासलं त्यांनी. पाठ लाल झाली होती, फोड नव्हते. प्रसन्न त्याच रात्री येऊन पोचला. मी तीन आठवडे तिथल्या दवाखान्यात होते. तोवर मिहिका बाटलीने दूध प्यायला शिकली आणि मावशी तिला रोज मला दाखवायला आणायची. गोळ्या दीड वर्ष चालल्या. मिहिका माझी कधी झाली, असं प्रसन्न कधीतरी विचारतो. असा एक दिवस नाही. एकदा तिच्या केसांना तेल लावून झालं, वेणी घातली, आणि मग लक्षात आलं की आज मी कानामागे पाहिलंच नाही. इतकंच. ती आता आठ वर्षांची आहे. गणितात कच्ची आहे आणि खोटं फार सफाईने बोलते.

मला सांगायचं आहे ते वेगळंच.

मिरजेच्या डॉक्टरबाई पहिल्या दिवशी माझ्याशी तासभर बोलल्या. मग त्यांनी आईला विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास झाला होता का? तुम्हाला?"

"छे," आई म्हणाली. "आमच्याकडे कुणाला नाही."

मी शेजारीच बसले होते. दोन तासांपूर्वी ओट्यावर ऐकलेलं मला आठवत होतं. मी गप्प बसले. त्या दिवशी गप्प बसायला माझ्याकडे कारण होतं. नंतरची आठ वर्षं नव्हतं. मला सगळ्यांनी विचारलं, गोळी घेतलीस का, बरं वाटतंय का, एकटी आहेस का. सासूबाईंनी विचारलं, शर्वरी पुण्याहून खास येऊन बसली. आईला कुणी विचारलं नाही. मीही नाही. भर उन्हात पदर धरून उभ्या राहिलेल्या त्या बाईवर मी चोरीचा आळ घेतला होता, तो परत घेतला असंही कधी म्हणाले नाही. ती अजून वर्षाच्या आतलं मूल मांडीवर घेत नाही. कुणी द्यायला आलं की म्हणते, हात ओले आहेत, आणि ओले नसलेले हात पदराला पुसत आत जाते.

गेल्या महिन्यात मी एकटीच इचलकरंजीला गेले. ती तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "आई, त्या वर्षी तुझं काय काय झालं, सांग ना." तिने मान वर केली नाही. ताट संपेस्तोवर खडे काढत राहिली. मग सांगायला लागली आणि अंधार पडेपर्यंत सांगत होती. दिवा लावायलाही उठली नाही.

तुमच्याही घरात अशी एखादी असेल. काकू, आत्या, सासू. पन्नाशी-साठीची. तिच्याबद्दल "बाळंतपणात तिचं जरा बिनसलं होतं" इतकं एकच वाक्य सांगतात आणि पुढच्या विषयावर जातात. ते वाक्य सांगणाऱ्याला काही विचारू नका. या रविवारी तिच्याकडेच जा. शेजारी बसा, आणि ती पहिल्यांदा "छे" म्हणाली तर लगेच उठू नका.